सव्विसावी वस्तू

नाही नाही, एवढं मोठं नको, बेटा — हे घरात ठेवायचं झालं, मले प्रवासाचं पाहिजे, पर्समध्ये मावेल असं, लिपस्टिकच्या डबीएवढं. हो, तोच शब्द, व्हायब्रेटर — बरं झालं तूच म्हणली. मी त्या समोरच्या रसवंतीपाशी पाऊण तास उभी राहून तोच शब्द घोकून राहिली होती, अन् दुकानात पाय टाकला तर तोंडातून निघालं काय, तर कमरेचा पट्टा! तू दोन पट्टे काढलेही बिचारी. राहू दे ते तसेच काउंटरवर, उचलू नको, कोणी आलं तर बरं दिसते. तुमचे मालक दोनला जेवायला जातात नं? मले माहीत आहे. काल येऊन पाहून गेली मी. परवाही आली होती, पण परवा तू नव्हती, तो चष्मेवाला पोट्टा होता, मग मी रुईचं बंडल घेतलं अन् गेली. घरी आता रुईची चार बंडलं झाली.

बस, बस नं तू पण. अशा उन्हात कोण येते आता? पण आमची अर्धी बेसा वस्ती गुडघ्याचे पट्टे न्यायला इथंच येते, आमची शेजारची यमुताई तर दर दोन महिन्यांनी — म्हणून दाराकडे लक्ष ठेव जरा. हं, दाखव. हे? गुलाबी? यात जांभळं नाही का? — रंगाचं काय म्हणजे, रंगाचंच तर आहे सगळं. बरं, चार्ज कसं होते? मोबाईलच्याच वायरनं? चांगलं आहे. धुता येते? अन् हे दुसरं — सेलवालं? सेल काढून ठेवला की बॅगेत आपोआप सुरूच होऊ शकत नाही म्हणते? असं असते का… आपोआप सुरूच होऊ शकत नाही. हे तेव्हा असतं तर — नाही, काही नाही. पण सेलवालं नाही चालायचं. मले अगदी होतं तसंच पाहिजे. माझ्यासाठी नाही हं, बेटा. सुनेसाठी. म्हणजे सून होती. उद्या अकरा वाजेपर्यंत आहे.

थांब, नमुनाच आणला आहे मी. चष्म्याच्या डबीत आहे — हसू नको, दुसऱ्या कशात आणू? हे पाह्य. पाउचवर तुमच्याच दुकानाचं स्टिकर आहे, त्याच्यावरूनच तर पत्ता काढला. ऑनलाइन मागवता आलं असतं, पण माझा भाचा बंटी त्याच ऑनलाइनवाल्यांच्या वाडीच्या गोदामात डबे लावते, त्याच्या हातून नाही गेलं तर त्याच्या दोस्ताच्या हातून जाईल, डब्यावर नाव माझं. नको रे बाबा. — तुले आठवते का ती? दोन-अडीच वर्षं झाली. उंच आहे, सावळी, पाठीवर ऑफिसची निळी बॅग. मयुरा. रक्त तपासायच्या मशीनी दवाखान्यांत बसवून देते ती, शिकवते तिथल्या लोकांना, महिन्यातून आठ दिवस गोंदिया, गडचिरोली, ब्रह्मपुरी — लॉजवर एकटी राहते. अन् नवरा मस्कतला. लग्न झालं अन् बाविसाव्या दिवशी गेला आमचा रजत, तीन वर्षांच्या करारावर. — आठवते? काय म्हणली होती ती? …लॉक आहे का, बॅगेत चुकून सुरू होऊ नये असं, हे पहिलं विचारलं? आवाज नाही, किंमत नाही — लॉक? हो. तशीच आहे ती. लॉजच्या खोलीलाही आतून खुर्ची लावून झोपायची, मले सांगे. मले सगळं सांगे ती.

उद्या फारकतीचे कागद आहेत. आपसात, भांडण नाही, कोर्टात नुसती सही. पण आधी वकिलाच्या ऑफिसात तिच्या माहेरच्या वस्तू परत द्यायच्या, तशी रीतच आहे — ती यादी देते, आम्ही एकेक वस्तू मांडतो, दोन्हीकडचे मोठे पाहतात. मागच्या बैठकीत यादी वाचली वकिलानं. शिलाई मशीन, पितळेची घागर, स्टीलचे सात डबे, आजीची नथ — वाचता वाचता सव्विसाव्या नंबरवर आला अन् थांबला तो. मग खाकरून वाचलं त्यानं, बाईमाणसासारखं हळू आवाजात — प्रवासाचा मसाजर, जांभळा, पाउचसह, एक नग. बेटा, त्या खोलीत अकरा माणसं होती. तिचे वडील बाबाराव, पारशिवनीत ज्यांना उठून जागा देतात असा माणूस — जमिनीकडे पाहून राहिले होते. रजतचे बाबा म्हणले, तो केव्हाच फेकला, नागनदीत फेकला. तसं मीच सांगितलं होतं त्यांना. तर मयुरा म्हणली — अन् माझ्याकडे पाहत नव्हती हं, वकिलाकडे पाहून म्हणली — आईंना विचारा. सव्वीस नंबर आईंनी स्वतःच्या हातानं माझ्या हातात द्यायचा, मग मी सही करते. नाही तर नाही. रजत बसल्या जागी लाल झाला. त्याची सुट्टी रविवारी संपते, अन् इकडे त्याच्यासाठी काटोलची एक मुलगीही पाहून ठेवली आहे. सगळे माझ्याकडे पाहून राहिले. मी म्हटलं, नवीन आणून देईल. एवढंच म्हटलं. नवीन आणून देईल.

काहून फारकत? यानंच. या एवढ्याशानंच. तुमच्याकडे आहे का गं ही रीत — सून माहेराहून आली की तिची बॅग ती उघडत नाही, सासू उघडते, चार आयाबायांना बोलावून? आमच्याकडे आहे. कुरडया, सरगुंडे, लोणच्याची बरणी, जे काही व्याह्यांनी दिलं ते सगळ्यांसमोर निघते, वाटलं जाते, नावं ठेवली जातात, हसणं होते. माझीही बॅग अशीच उघडली होती माझ्या सासूनं. पण आतल्या चेनच्या कप्प्याला हात लावायचा नाही — तो सुनेचा. एवढं सगळ्या पाळतात. तर मागच्या वर्षी अक्षयतृतीया करून मयुरा पारशिवनीहून आली. दुपारी बारा वाजता. बॅग माझ्या खोलीत ठेवली, पाणी प्याली अन् ऑफिसला गेली. पाच वाजता आली. तोवर बाया जमल्याच होत्या — माझी जाऊ भागीरथा, यमुताई, शेजारच्या आणखी दोघी, अन् रजतचे बाबा सोफ्यावर पेपर घेऊन. मी बॅग आणली, टेबलावर ठेवली, अन् ठेवल्याबरोबर — घुर्र. आत. टेबलाची काच वाजायला लागली. भागीरथा म्हणते, अवं फोन वाजून राहिला सुनबाईचा, घे बाहेर! मयुरा धावली, पण भागीरथाचा हात आधी. चेन उघडली, पाउच ओढलं, पाउचातून हे निघालं अन् टेबलावर पडून गोल गोल फिरायला लागलं, भोवऱ्यासारखं. पहिले कोणाला कळलंच नाही. मग यमुताई म्हणली, हे तर ते आहे वं, मोबाईलवर दाखवतात ते. अन् मग सगळ्यांनाच कळलं.

मले एक वाक्य बोलायचं होतं, बेटा. माझं आहे म्हणायचं होतं. डॉक्टरनं दिलं, कमरेसाठी. कोण तपासणार होतं? बावन्न वर्षांच्या बाईच्या कमरेवर कोण शंका घेते? एवढं म्हटलं असतं तर त्या बाया हसल्या असत्या, भागीरथानं मागूनही नेलं असतं दोन दिवस. मी काय म्हटलं? म्हटलं, उचल ते. मोठ्या माणसांसमोर काय मांडून ठेवलं, लाज नाही — उचल. हे माझेच शब्द आहेत. तिनं उचललं नाही. ती माझ्याकडे पाहून राहिली, अन् हळूच म्हणली — मी लॉक केलं होतं, आई.

बस. तेवढंच. तेही फक्त मलेच ऐकू गेलं. रात्री रजतच्या बाबांनी मस्कतला फोन लावला, रजत म्हणला, म्हणूनच लॉजवर राहायचा शौक आहे तिला, अन् सकाळी बाबारावांना बोलावणं गेलं. ते आले तेव्हा हातात पपयांची थैली होती, त्यांना वाटलं जावई येऊन राहिले, अशी काही खबर आहे. ती थैली दाराशीच राहिली. पारशिवनीत तिच्या आधी ही गोष्ट पोचली — यमुताईची बहीण आहे तिथं. मयुराच्या लहान बहिणीचं, रितिकाचं, ठरलेलं लग्न मोडलं. आईनं देवळात जाणं सोडलं. अन् ती अजूनही जाते गडचिरोलीला, बॅग घेऊन, एकटी. तीच एक जाते.

ठीक आहे, काढ तो गुलाबीच. आवाज किती करते, ऐकू दे — तो कूलर बंद कर बरं जरा, काही ऐकू येत नाही. हं. हे तर अगदीच हळू आहे. माझं — हे जुनं याच्याहून जास्त गुरगुरते. अन् याचं चार्जिंग आता दहा मिनिटांच्या वर टिकत नाही, बटणही अडते, एकदा सुरू झालं की बंद करायला तीन-तीनदा दाबावं लागते, याचं तसं नाही नं होणार?

…काय पाहून राहिली अशी?

हो. मी तर म्हटलं, फेकलं म्हणून सांगितलं. तेरा महिने डाळीच्या डब्यात होतं, तर मग दहा मिनिटं टिकते हे मले कसं माहीत — हेच म्हणून राहिली नं तू? तू हुशार आहे. ती पण अशीच होती, दुसऱ्याचं काही कळलं तर बोलायची नाही, नुसती पाहायची.

तू लहान आहे. तुले सांगू नये. पण तू या दुकानात बसते, तुले हे विकायला लाज नाही वाटत, तर मले सांगायला काय — रजतचे बाबा वाईट नाहीत हं. कधी हात नाही उचलला. पण अकरा वर्षं झाली, ते हॉलमध्ये झोपतात, टीव्हीसमोर. त्याच्या आधीही म्हणजे — जाऊ दे. तीस वर्षांत त्यांनी मले कधी विचारलं नाही अन् मले कधी सांगता आलं नाही, मले वाटे हे असंच असते, अंग म्हणजे दुखायचं अन् काम करायचं. अन् एक दिवस तिची बॅग धुवायला काढली तर हे सापडलं. चार दिवस मी फक्त त्याचा विचार केला. पाचव्या दिवशी ती ऑफिसला गेली, हे बँकेत, मी दाराला कडी घातली. त्या दुपारी मी रडली, बेटा. वाईट वाटून नाही. असं वाटलं की या अंगात मी पण राहते, अन् बावन्न वर्षं मले कोणी सांगितलंच नाही.

मग सवय लागली. ती घरी असली की बॅग कपाटात असायची. मी पुसून, होतं तसं ठेवायची. लॉकही तसंच लावायची — दोन्ही बटणं दाबून तीनपर्यंत मोजायचं, मग लाल दिवा एकदा लुकलुकते. मले वाटे तिला माहीत नाही. पण एकदा पाहिलं तर कप्प्यात हे पाउच, अन् पाउचवर चार्जिंगची वायर, छान घडी करून, रबर लावून ठेवलेली. आधी ती वायर वेगळ्या खिशात राहायची. आता समजते मले. ती माझ्यासाठी ठेवली होती. एक अक्षर न बोलता. माझ्या आईनं माझ्यासाठी एवढं केलं नसतं.

अन् त्या दिवशी, अक्षयतृतीयेनंतर. बारा वाजता बॅग माझ्या खोलीत आली, पाचला उघडायची होती. मी दीड वाजता कडी लावली. दाराशी यमुताई आली, विचारायला, किती वाजता येऊ वं — मी घाईघाईत पाउचात कोंबलं, चेन लावली, दार उघडलं. मी मोजलं नाही. तीनपर्यंत मोजलं नाही मी.

तर ती खोटं बोलत नव्हती. तिनं लॉक केलं होतं.

पाणी? हो, दे. — काय म्हणली? जुनंच द्या? …ते कसं देऊ? मग सगळे विचारतील, फेकलं होतं नं, कुठून आलं? मग मले सांगावं लागेल. — हो. हो, तेच पाहिजे आहे तिला, मले कळते ते. तिला वस्तू नको आहे. अशा दहा घेईल ती. तिला मी तेवढं म्हणायला पाहिजे आहे, त्या अकरा माणसांत, बाबाराव बसले असताना. गुलाबी दिलं तर ती सही करून देईल, अन् पाहणारही नाही माझ्याकडे. पुन्हा कधीच नाही.

एक मिनिट. तू मयुरा आहे असं समज. नाही, तू बस, बसूनच ऐक. मी म्हणीन — मयुरा, हे घे, हे मी तेरा महिने ठेवलं होतं. त्या दिवशी लॉक तू केलं होतं. काढलं मी. …पाह्य, निघालं. निघालं नं तोंडातून? काही झालं नाही, छत पडलं नाही. आणखी एकदा म्हणते. मयुरा, लॉक मी काढलं होतं. अन् बाबारावांना म्हणीन, भाऊ, तुमच्या पोरीची काही चूक नव्हती, वापरणारी मी पण होती. हे म्हणता येईल का… म्हणता येईल. घरी काय होईल ते होईल. हॉलमध्येच तर झोपतात, आणखी कुठं जाऊन झोपतील! — हसली तू. मले पण हसू आलं, पाह्य, किती दिवसांनी.

ठेव तो गुलाबी परत. हेच देते मी. जरा पुसून दे तेवढं, तुझ्याकडे ते औषधाचं पाणी असेल नं, स्वच्छ करून, नीट पाउचात घालून. ती म्हणाली होती पाउचसह. — अगं बटण दाबू नको, अडते म्हटलं नं — बंद कर. बंद कर, काच किती वाजते! तीनदा दाब, दोन्ही नाही, वरचं, वरचं — थांबव गं ते —

अवं! यमुताई! या नं, या. ऊन किती झालं. गुडघ्याचा पट्टा का? मी… मी कमरेचा घेऊन राहिली, हे पाहा, दोन काढले आहेत. हो नं, कूलर बंद आहे, मीही तेच म्हणून राहिली हिला, गिऱ्हाईक उन्हातून येते अन् ह्या पोरी कूलर बंद करून बसतात. — हे? हे माझं नाही. नाही वं, माझं कशाला असेल? मी पट्टा मागतला, तर ही पोट्टी मले काय काढून दाखवून राहिली, पाहा तुम्हीच. माझ्या वयाकडे तरी पाहायचं! तुमच्या मालकाले सांगते मी, येऊ दे त्याले जेवून. — ती चष्म्याची डबी द्या हो यमुताई, तेवढी माझी आहे. रिकामीच आहे.

पाहते काय? उचल ते. मोठ्या माणसांसमोर काय मांडून ठेवलं — उचल.